वादळात छत गेलं, तर विमा किती भरून देतो?

नागपुरात छतावर संकट येतं ते बहुधा पावसाळ्याच्या आधी. एप्रिल ते जूनमधली एखादी संध्याकाळ. दिवसभर पारा ४४ अंशांच्या वर अडून बसलेला, चार-पाचच्या सुमारास उजेड पिवळा पडतो, धूळ उठते आणि वारा सुटतो. गच्चीवरचं ग्रीन नेट फाटतं, खिडकीतला कूलर हलतो, रिकामी प्लास्टिकची टाकी शेजारच्या अंगणात जाऊन पडते आणि टिनाचे पत्रे उचलले जातात. लाइट जाते. तासाभरात सगळं शांत होतं. मग घरातले लोक वर बघतात आणि पहिला प्रश्न पडतो तो खर्चाचा.

या खर्चाला घराचा विमा उपयोगी पडतो का? पडतो, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच जास्त. पण त्याची एक अट आहे आणि ती नीट न समजल्यामुळे खरे क्लेमसुद्धा अडकतात. विमा अचानक घडलेल्या घटनेचे पैसे देतो. वर्षानुवर्षं होत आलेल्या झिजेचे देत नाही. छताच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की त्या वेगळ्या करून दाखवणं हेच क्लेमचं मुख्य काम होऊन बसतं.

आधी वाऱ्याबद्दल थोडं. तापलेल्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढते, ढग उंच वाढतात. त्यातून पाऊस आणि गारा कोसळू लागल्या की त्यांच्याबरोबर थंड, जड हवा खाली येते, जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. समुद्रावरच्या चक्रीवादळासारखी दोन दिवस आधी याची चाहूल लागत नाही. हा वारा पत्र्याला दोन बाजूंनी धरतो. छतावरून वेगाने जाताना तो पत्र्याला वर ओढतो आणि शेड बाजूंनी उघडं असेल तर आत शिरून खालून ढकलतो. सगळ्यात जास्त ओढ बसते ती कडांना आणि कोपऱ्यांना, म्हणून पत्रा नेहमी कोपऱ्यातून सुटायला लागतो. बांधकामासाठी वाऱ्याचा जोर ठरवणारं भारतीय मानक आहे, आयएस ८७५, भाग ३. त्यात नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. नीट बांधलेला स्लॅब या वाऱ्याला दाद देत नाही. जातं ते स्लॅबवर नंतर चढवलेलं: टिनाचं शेड, जिन्यावरचा पत्रा, सोलरचा सांगाडा, टाकी. आणि जुन्या वस्त्यांमधली कवेलू, म्हणजे कौलं.

पॉलिसीत काय लिहिलेलं असतं

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक आयआरडीएआयने सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एक ठरावीक पॉलिसी देणं बंधनकारक केलं. तिचं नाव ‘भारत गृह रक्षा’. कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर तोच, त्यामुळे सामान्य माणसाला तुलना करणं सोपं झालं. कंपन्या यापेक्षा वेगळ्या, जास्तीच्या सोयी असलेल्या पॉलिसीही विकतात. पण आधी ही समजली की बाकीच्या वाचता येतात.

या पॉलिसीत घटनांची यादी दिलेली असते. यादीतल्या घटनेने घराचं प्रत्यक्ष नुकसान झालं तर पैसे मिळतात. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं त्यात आहे. आपल्या कामाच्या नोंदी दोन. पहिली वादळ, चक्रीवादळ, झंझावात, पूर आणि पाणी शिरणं, हे सगळं एकत्र असलेली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नागनदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, ते नुकसानही याच नोंदीखाली येतं. दुसरी नोंद आहे बाहेरची वस्तू येऊन आदळण्याची: झाड, वाहन, भिंत. शेजारचं कडुनिंबाचं झाड तुमच्या कवेलूंवर कोसळलं, किंवा पलीकडच्या गच्चीवरचा पत्रा उडत येऊन तुमची टाकी फोडून गेला, तर ते इथे बसतं.

‘गारपीट’ हा शब्द मात्र वादळाच्या नोंदीत स्वतंत्र लिहिलेला नसतो. गारा वादळाबरोबरच येतात आणि क्लेमही वादळाचा म्हणूनच केला जातो. तरी विदर्भात राहणाऱ्याने पॉलिसी घेतानाच कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सिमेंटचे पत्रे आणि कवेलू गारांनी फुटतात हे इथे कोणाला सांगायला नको.

‘घराची इमारत’ म्हणजे काय, हेही पॉलिसीत सविस्तर दिलं आहे आणि ते बरंच उदार आहे. चार भिंती आणि छत तर आलंच. शिवाय गॅरेज, पोर्च, व्हरांडा, कंपाउंडची भिंत, गेट, पक्की बसवलेली पाण्याची टाकी आणि सोलर पॅनेलसुद्धा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागल्यापासून आपल्याकडे गच्च्यांवर पॅनेल वाढली आहेत. पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर वेगाने त्यावर मारून बघतात. त्याहून मोठी गार पडली, तर चाचणीत उतरलेलं पॅनेलही तडकू शकतं. विक्रेत्याची वॉरंटी पॅनेलमधल्या दोषाची असते, वादळाची नसते. म्हणून सोलर बसवलं की विमा कंपनीला कळवा आणि विम्याची रक्कम तेवढी वाढवून घ्या.

गच्चीवर नंतर टाकलेल्या शेडचं प्रकरण जरा नाजूक आहे. पॉलिसी घेतल्यावर घराचं चटईक्षेत्र (कार्पेट एरिया) १० टक्क्यांहून जास्त वाढेल असं काही बांधलं आणि कंपनीला कळवून जादा हप्ता भरला नाही, तर त्या वाढीव भागाचे पैसे मिळत नाहीत. मानेवाडा, हुडकेश्वर, वाठोडा, बेसा, कुठल्याही लेआउटमध्ये चक्कर मारा. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि त्यावर टिन हे चित्र घरोघरी दिसेल. मुलाचं लग्न ठरलं, खोल्या वाढल्या, पण पॉलिसी जुन्याच घराची राहिली. वादळ नेमकं त्या नव्या भागालाच गाठतं.

अर्जात घराच्या बांधकामाचा प्रकारही विचारतात. लाकडी फळ्या, गवत, बांबू, प्लास्टिक, ताडपत्री, कापड यांच्या भिंती किंवा छत असेल तर ते कच्चं बांधकाम धरलं जातं. टिन आणि कवेलू या यादीत नाहीत. तरी जे आहे ते जसंच्या तसं लिहा. एजंट ‘सगळं आरसीसीच लिहू’ म्हणाला तरी ऐकू नका. अर्जावर सही तुमची असते आणि क्लेमच्या वेळी तोच कागद टेबलावर येतो.

वादळाने गेलं, की आधीच गेलं होतं?

आता मुख्य मुद्दा. समजा, सक्करदऱ्यातलं पंचवीस वर्षांचं घर आहे. मे महिन्यात मोठं वादळ झालं. जिन्यावरचे चार पत्रे उडाले, तिथून पाणी आत आलं, खालच्या खोलीचं प्लास्टर ओलं झालं, कपाट फुगलं. त्याच रात्री पुढच्या खोलीच्या छतालाही ओल आली, कारण गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधीच संपलं आहे आणि स्लॅबला केसासारख्या भेगा आहेत. घरच्यांच्या दृष्टीने ही एकच रात्र आणि एकच नुकसान. नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला सर्व्हेअर मात्र त्याचे दोन भाग करतो.

पत्रे उडाले ते वाऱ्याने. वाऱ्याने छताला भगदाड पाडलं, भगदाडातून पाणी आलं, पाण्याने प्लास्टर आणि कपाट खराब केलं. ही साखळी वादळापासून सुरू होऊन कुठेही न तुटता कपाटापर्यंत पोहोचते, म्हणून तो सगळा खर्च मागता येतो. पुढच्या खोलीत तसं नाही. तिथे वादळाने काही फोडलं नाही. आधीपासून असलेल्या भेगांमधून नेहमीसारखं पाणी उतरलं. ते साध्या पावसातही उतरलं असतं. जुनाट गळती ही पॉलिसीच्या यादीतली घटनाच नाही, त्यामुळे त्या खोलीचे पैसे मिळणार नाहीत.

सर्व्हेअर हे कसं ओळखतो? ओलीचे पिवळे-तपकिरी गोल एकावर एक दिसले, तर ती ओल एका रात्रीची नसते. प्लास्टरच्या आत सळईला जुना गंज असेल, भेगेत शेवाळ असेल, पत्र्याचे हुक गंजून बारीक झालेले असतील, तर ते लपत नाही. उलट स्क्रूच्या भोवती पत्रा ताजा फाटलेला असेल, हुक वाकलेला असेल, तुटलेल्या कवेलूचा आतला रंग अजून लाल-स्वच्छ असेल, तर ते वादळाच्या बाजूने बोलतं. मग साधाच वाटणारा प्रश्न येतो, ‘‘काकू, ही ओल मागच्या पावसाळ्यातही होती ना?’’ आणि माणसं भोळेपणाने सगळ्या घराबद्दल ‘‘हो’’ म्हणून बसतात. खोटं बोलायचं नाहीच. पण कुठली ओल जुनी आणि कुठली त्या रात्रीची, हे खोलीनिहाय वेगळं सांगा. तुम्ही वेगळं केलं नाही, तर सगळंच जुन्याच्या खात्यात जमा होण्याची भीती असते.

मला वाटतं, क्लेमचा निकाल बऱ्याच अंशी वादळाच्या आधीच लागलेला असतो. मार्चमध्ये, ऊन चढायच्या आधी, गच्चीवर जाऊन छताचे चारही बाजूंनी फोटो काढा. पत्र्याचे हुक, कडा, कोपरे, टाकीचं बांधकाम, सोलरचा सांगाडा, आणि खालून प्रत्येक खोलीचं छतही. फोनमधल्या फोटोला तारीख आपोआप लागते. हुक बदलले, वॉटरप्रूफिंग केलं, तर मिस्त्रीकडून साधी का होईना पावती घ्या. ‘वादळाच्या महिनाभर आधी हे छत धडधाकट होतं’ हे दाखवणारा एक फोटो नंतरच्या तासभराच्या वादावादीपेक्षा मोठा ठरतो. आणि पत्र्यावर नुसत्या विटा-दगड ठेवून भागवू नका. त्या विटा वादळात खाली पडतात, कोणाच्या तरी डोक्यात बसू शकतात. दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची जबाबदारी ही मूळ पॉलिसी उचलत नाही. तुमचा पत्रा शेजाऱ्याच्या कारवर पडला, तर त्याला आपल्या गाडीच्या सर्वसमावेशक विम्यातून पैसे मिळू शकतात. तुमच्या घराच्या विम्यातून नाही.

विजेचंही सांगायला हवं. वीज पडून छत किंवा भिंत फुटली, तर ते नुकसान धरलं जातं. पण विजेच्या दाबाने फ्रिज किंवा टीव्ही आतल्या आत जळाला, तर त्या एका उपकरणाचे पैसे मूळ पॉलिसीत मिळत नाहीत.

किती रकमेचा विमा

इथे आपल्याकडे सर्रास घोळ होतो. माणूस म्हणतो, माझं घर सत्तर लाखांचं. त्यातले बरेचसे प्लॉटचे असतात, आणि जमीन वादळात उडत नाही. विमा असतो बांधकामाचा. चटईक्षेत्राला पॉलिसी सुरू होताना असलेल्या बांधकामाच्या दराने गुणायचं. समजा, चटईक्षेत्र ९० चौरस मीटर आहे आणि दर चौरस मीटरला २०,००० रुपये धरला, तर रक्कम येते १८ लाख. घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. या उदाहरणात ते ३ लाख ६० हजार होतं.

भारत गृह रक्षेची एक मोठी मदत म्हणजे कमी विम्याची कपात तिने काढून टाकली आहे. पूर्वी घर २० लाखांचं आणि विमा १० लाखांचा असेल, तर छताच्या ५०,००० रुपयांच्या नुकसानीतही निम्मेच हातात पडायचे. आता तसं होत नाही. पॉलिसी १० वर्षांपर्यंत एकदम घेता येते आणि तशा पॉलिसीत रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत जाते. दुरुस्तीत कंपनी वादळाच्या आधी छत जसं होतं तसं करून देण्याचा खर्च देते. टिनाच्या जागी या निमित्ताने स्लॅब टाकायचा, तर वरचा खर्च तुमचा. ढिगारा उचलण्यासाठी क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, इंजिनीअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत वेगळे मिळतात. घर राहण्याजोगं उरलं नाही, तर दुसरीकडे राहण्याचं भाडंही मागता येतं. छत उघडं पडलेलं असताना सात दिवसांच्या आत त्यामुळे चोरी झाली, तर तीही धरतात. ही तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते.

भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो, तो त्याने घ्यावा. फ्लॅटवाल्यांनी मात्र एक गोष्ट आजच बघून घ्यावी. गच्ची सोसायटीची असते. तुमच्या फ्लॅटच्या पॉलिसीतून सोसायटीच्या स्लॅबची दुरुस्ती होणार नाही. त्यासाठी सोसायटीने पूर्ण इमारतीचा विमा काढलेला हवा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) आग आणि भूकंपाच्या विम्याचा उल्लेख आहे, पण नागपुरात वादळ त्याहून जास्त वेळा येतं. पुढच्या सभेत सचिवांना पॉलिसीची प्रत मागा आणि तिच्यात वादळ आहे का ते वाचा.

गृहकर्ज घेतलेले अनेकजण म्हणतात, बँकेने विमा काढलाय ना. तो कागद उघडून बघा. बऱ्याचदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो, म्हणजे कर्जदार गेला तर कर्ज फिटेल. घराच्या छताशी त्याचा काही संबंध नसतो. घराचाच असला, तरी तो फक्त कर्जाच्या रकमेएवढा असू शकतो.

वादळाची रात्र आणि नंतरचे दिवस

आधी माणसं सांभाळा. ओल्या गच्चीवर तुटलेली वायर असू शकते. मग फोटो आणि व्हिडिओ काढा, आणि त्यानंतर ताडपत्री टाका. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीतलीच अट आहे, त्यामुळे ‘सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही’ असं समजून छत उघडं ठेवू नका. पण उडालेले पत्रे, फुटलेली कवेलू, फुगलेलं कपाट भंगारवाल्याला देऊ नका. तो तुमचा पुरावा आहे. ताडपत्रीची, दोरीची, मजुरीची पावती ठेवा.

कंपनीला लगेच कळवा आणि क्लेम क्रमांक लिहून घ्या. क्लेमचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. या तारखा कॅलेंडरवर टाकून ठेवा. वादळाच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचं पान जपा. सोनेगावच्या हवामान केंद्राने नोंदवलेला वारा-पाऊस त्यात बहुधा छापून येतो, आणि ‘त्या संध्याकाळी या भागात वादळ झालंच’ हे त्यावरून ठरतं. सर्व्हेअर येईल तेव्हा घरातलं जाणतं माणूस हजर असू द्या, त्याच्याबरोबर गच्चीवर जा, आणि दोन मिस्त्रींचे लेखी अंदाज आधीच घेऊन ठेवा.

सरकारी पंचनामाही करून घ्या. तलाठी येतो, त्यात नुकसानीची नोंद होते आणि ती प्रत विम्यालाही उपयोगी पडते. पण सरकारी मदतीवर विसंबू नये. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये, आणि किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,००० रुपये होते. राज्य सरकार कधीकधी त्यात भर घालतं. तरीही चार खोल्यांवरचं टिन साडेसहा हजारांत परत बसत नाही. म्हणूनच, ज्यांच्या डोक्यावर टिन किंवा कवेलू आहेत त्यांनी हा विमा सगळ्यात आधी घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा फारच कमी रक्कम ठरवली, तर कारण लेखी मागा. ‘जुनी झीज’ एवढेच शब्द पुरेसे नाहीत; कोणत्या खोलीत, कोणत्या खुणेवरून, हे विचारा. आधी कंपनीच्याच तक्रार विभागात लिहा. आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर पुढचं दार विमा लोकपालाचं. नागपूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतं. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षभरात तिथे तक्रार करायची, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा आदेश लोकपाल देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. तिथेही समाधान झालं नाही, तर नागपुरातच जिल्हा ग्राहक आयोग आहे.